रीतीचे गुण

मिनिआपोलिसला भाच्याकडे राहायला गेलं, की रविवारी दुपारी घरात बोलायची सोय नसते. टीव्हीवर व्हायकिंग्जचा सामना असतो. हाताने खेळतात त्याला 'फुटबॉल' का म्हणतात, हा माझा प्रश्न पहिल्या वर्षीच विचारून झाला. आता मीही बसतो, थोडंफार कळतं. गेल्या खेपेला संघ हरत होता आणि भाचा पुटपुटला, "मामा, ही सगळी त्या वॉकरच्या सौद्याची पापं!"

सौदा १९८९ चा. भाचा तेव्हा इथे मराठी शाळेत पाढे म्हणत होता. पण त्या गावात राहायला गेलं की हे दुःख वारसाहक्काने मिळतं म्हणे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना हा खेळ ठाऊक नसणार. तिथे दरवर्षी कॉलेजातले नवे खेळाडू संघ आळीपाळीने निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या हंगामात जो तळाला, त्याची पाळी पहिली. ही पाळी संघाच्या मालकीची वस्तू असल्यासारखी असते. ती विकता येत नाही, पण खेळाडूच्या बदल्यात दुसऱ्या संघाला देता येते.

१२ ऑक्टोबर १९८९ ला डॅलस काउबॉइजने हर्शेल वॉकर हा आपला सर्वांत मोठा खेळाडू मिनेसोटा व्हायकिंग्जला दिला. आदल्या हंगामात तो चेंडू घेऊन १५१४ यार्ड धावला होता. बदल्यात डॅलसला पाच खेळाडू मिळाले आणि पुढच्या तीन ड्राफ्टमधल्या आठ पाळ्या, त्यांतल्या तीन तर पहिल्या फेरीच्या. गंमत कराराच्या कलमात होती. बऱ्याचशा पाळ्या त्या खेळाडूंना बांधलेल्या होत्या. डॅलसने ठरावीक तारखेआधी खेळाडू सोडला तरच त्याची पाळी डॅलसला मिळणार. मिनेसोटाच्या माइक लिनना वाटलं, ते खेळाडू ठेवून घेतील. डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांना पहिल्यापासून पाळ्याच हव्या होत्या.

पुढचं सर्वांना माहीत आहे. डॅलसने त्या हंगामात १६ पैकी एकच सामना जिंकला. पण मिळालेल्या पाळ्यांच्या जोरावर १९९० मध्ये एमिट स्मिथ आणि १९९२ मध्ये डॅरेन वुडसन आले आणि १९९२, १९९३ व १९९५ या हंगामांचं अजिंक्यपद डॅलसने जिंकलं. वॉकर मिनेसोटात १९९१ पर्यंत होता. त्या काळात संघ अंतिम सामन्याच्या जवळपासही गेला नाही. त्यामुळे जगातला सर्वांत मूर्ख सौदा कोणता, असं विचारलं की तिथली माणसं डोळे मिटून हेच नाव घेतात.

माझा आक्षेप या डोळे मिटण्यालाच आहे.

गणिताच्या पेपरात उत्तर चुकलं तरी रीतीला गुण असतात. आणि नुसतं उत्तर बरोबर, रीतच नाही, तर मी तरी पूर्ण गुण कधी दिले नाहीत. शेजारच्याचं बघूनही उत्तर बरोबर येतं! जुने सौदे तपासताना मात्र सगळे फक्त शेवटची ओळ बघतात.

मग रीत तपासू. जानेवारी १९८८ मध्ये मिनेसोटा अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडे हरला होता. त्यांचा बचाव उत्तम होता, धावणारा गडी हवा होता. म्हणजे गरज खरी होती. वॉकर पहिल्याच सामन्यात १४८ यार्ड धावला. तिथपर्यंत गुण द्यायलाच हवेत. चुकलं ते पुढे. एका माणसासाठी तीन वर्षांचं बी-बियाणं दिलं आणि समोरच्याला नेमकं काय हवंय हे न ओळखता कलम मान्य केलं. ही चूक त्याच दिवशी, कागदावर होती. एमिट स्मिथ थोर निघाला ही गोष्ट वेगळी. त्याच्याआधी १६ जण निवडले गेले होते! ते लिन यांच्या खात्यात अपराध म्हणून आणि जॉन्सन यांच्या खात्यात दूरदृष्टी म्हणून पूर्ण मांडता येणार नाही.

उलट उदाहरण अटलांटाचं. १९९२ मध्ये त्यांनी ब्रेट फाव्र ग्रीन बेला दिला आणि पहिल्या फेरीची पाळी घेतली. फाव्र पुढे १९९५ ते १९९७ असा सलग तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला, एकदा विजेतेपदही आणलं. अटलांटाला लोक अजून हसतात. पण त्या दिवशी काय दिसत होतं? दुसऱ्या फेरीत घेतलेला पोरगा. वर्षभरात त्याने चार चेंडू फेकले, एकही आपल्या माणसाकडे पोचला नाही, दोन प्रतिपक्षाने झेलले. त्याच्या बदल्यात, दिलं होतं त्याहून जास्त मिळत होतं. उत्तर साफ चुकलं, रीत तितकी वाईट नव्हती.

शिवाय एक जिंकला म्हणजे दुसरा फसलाच, असंही नाही. २०२१ मध्ये डेट्रॉइटने मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिसच्या रॅम्सना दिला आणि जॅरेड गॉफ व पाळ्या घेतल्या. रॅम्सनी फेब्रुवारी २०२२ मध्ये विजेतेपद मिळवलं. जानेवारी २०२४ मध्ये गॉफच्या डेट्रॉइटने त्याच स्टॅफर्डच्या रॅम्सना २४-२३ असं हरवून ३२ वर्षांनी बाद फेरीतला सामना जिंकला. एकाला आज हवं होतं, दुसऱ्याला उद्या.

भाचा म्हणाला, "मामा, असं म्हटलं तर कोणीच कधी चुकत नाही!" त्याचंही खरं आहे. रीत बरोबर म्हणणाऱ्याची दहाही उत्तरं चुकत असतील, तर रीत पुन्हा बघावी. पण एका उत्तरावरून माणसाला जन्मभर मूर्ख ठरवू नये.

हे मी एवढ्या तावातावाने का लिहितोय? १९७९ मध्ये मीही एक सौदा केला होता. आमच्यात त्याला आपसी बदली म्हणत. तालुक्याच्या गावची शाळा सोडून मी आमच्या खेड्याजवळची घेतली. माझ्या जागी गेलेले गुरुजी पुढे मुख्याध्यापक झाले, त्यांची मुलं तालुक्यात शिकली. मी शिक्षक म्हणूनच निवृत्त झालो. "तेव्हा फसलास," हे वाक्य मी लग्नकार्यात किती वेळा ऐकलं असेल! म्हणणाऱ्यांपैकी दोघेतिघे हे वाचतही असतील.

त्या दिवशी कागदावर काय होतं, तेवढं सांगतो. आईची दृष्टी जात चालली होती आणि घरी दुसरं कोणी नव्हतं. पुढे ती सहा वर्षं होती. संध्याकाळी मी तिला पेपर वाचून दाखवत असे.

उत्तराचे गुण कापा हवं तर. रीतीचे मात्र मी सोडणार नाही.