खाण तशी माती?

आमच्याकडे कोणाचे पोर नापास झाले की ‘खाण तशी माती’ हे वाक्य ठरलेले, आणि पास झाले तर ‘चिखलात कमळ उगवले हो!’ दोन्हींत अपमान बापाचाच. आमच्या घराण्यात कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिलाच, त्यामुळे ही दोन्ही वाक्ये मी भरपूर ऐकली आहेत. हल्ली सुशिक्षित मंडळी म्हण सोडून ‘जीन्समध्येच असते ते’ असे म्हणतात. विज्ञानाचे नाव घेतले की समोरचा गप्प बसतो, हे त्यांना ठाऊक असते. मी कलाशाखेचा विद्यार्थी; परंतु ज्या शास्त्राच्या नावाने आपल्याला गप्प केले जाते ते वाचून पाहण्याचा हक्क कलाशाखेलाही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचू लागलो तेव्हा भेटला तो मका. अमेरिकेतील बार्बरा मॅक्लिंटॉक या विदुषी 1940 नंतरच्या दशकात कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे मका पिकवून दाणा न् दाणा तपासत होत्या. त्या काळी समजूत अशी की, गुणसूत्रावर जनुके माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली असतात. ज्याची जागा ठरली ती कायमची. (ही कल्पना आपल्याकडे माणसांच्या बाबतीतही फार लोकप्रिय आहे.) बाईंना काही कणसांत फिकट दाण्यांवर जांभळे ठिपके दिसले. गुणसूत्राचा एक तुकडा आपली जागा सोडून रंगाच्या जनुकात जाऊन बसतो आणि रंग बंद पडतो, हे त्यांनी ओळखले. दाणा भरत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा उठून गेला की तिच्यापासून झालेल्या पेशी जांभळ्या होतात, तोच ठिपका. लवकर उठला तर ठिपका मोठा, उशिरा उठला तर बारीक. गंमत म्हणजे हा तुकडा आपल्या बळावर उठत नाही. त्याला उठवणारा दुसरा तुकडा त्याच झाडात असावा लागतो. पहिल्याला त्यांनी ‘डीएस’ आणि दुसऱ्याला ‘एसी’ म्हटले.

1950 मध्ये त्यांनी हे छापले, 1951 च्या परिसंवादात विद्वानांपुढे मांडले. बहुतेकांना ते पटले नाही; कित्येकांना कळलेही नसावे. 1953 नंतर बाईंनी या विषयावर सविस्तर छापणे जवळजवळ सोडले, मक्याचे काम मात्र सोडले नाही. पुढे जिवाणूंतही असे तुकडे सापडले, आणि 1983 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेही एकटीला.

2009 मध्ये मक्याच्या डीएनएचे वाचन प्रसिद्ध झाले तेव्हा त्यातला सुमारे 85 टक्के भाग अशाच तुकड्यांचा निघाला. अशा भागाला कित्येक वर्षे ‘जंक’, म्हणजे भंगार, म्हणत. हा शब्द मला मान्य नाही. बहुतेक तुकडे आज निपचित आहेत, झाडानेच त्यांना गप्प ठेवले आहे, काही तर चांगल्या जनुकाची मोडतोडही करतात, हे खरे. पण मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणा आपण सर्वांनी शाळेत घोकला आहे ना? तो का सुरकुततो हे 1990 मध्ये उलगडले. पिष्ट बनवणाऱ्या एका जनुकात असाच सुमारे 800 अक्षरांचा तुकडा घुसला आहे. त्यामुळे पिष्ट कमी, साखर जास्त. दाणा पाणी ओढून फुगतो आणि वाळताना आक्रसतो. म्हणजे आनुवंशिकतेचे नियम ज्या दाण्यांवरून बसवले, त्यांतच एक आगंतुक पाहुणा बसला होता!

मक्याचा पूर्वज टेओसिंटे हे मेक्सिकोतले फांद्याफांद्यांचे गवत. त्याचा सरळ एका खोडाचा मका होण्यात एका जनुकाच्या अलीकडे बसलेल्या अशाच तुकड्याचा मोठा हात आहे, हे 2011 मध्ये दाखवले गेले. तो तुकडा रानातल्या गवतात आधीपासूनच होता. सुमारे 9000 वर्षांपूर्वीपासून तिथल्या शेतकऱ्यांनी हवी ती झाडे निवडली, बी जपले, पुन्हा पेरले. नुसत्या खाणीने मका झाला नाही.

आता कोणी असे म्हणू नये की, माझ्या जनुकांनी उडी मारली म्हणून मी कॉलेजात आलो. मी आलो तो आईने खुरपणीच्या मजुरीतून फी भरली म्हणून, आणि एसटीचा पास मिळाला म्हणून. माझे म्हणणे एवढेच की, ‘जीन्समध्येच असते’ म्हणणाऱ्यांनी आधी मक्याचे कणीस तरी नीट पाहावे.

जाता जाता एक विनंती. आपल्या महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही, म्हणून ग्रंथालयातले विज्ञानाचे एकुलते एक कपाट बहुधा कुलूपबंद असते. मला ते दोनदा विनवण्या करून उघडून घ्यावे लागले. येत्या वर्षी ते निदान शनिवारी तरी सर्वांसाठी उघडे ठेवावे.