त्याला गर्दुल्ला म्हणू नका

मुलांनो, माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात एक मुलगा होता. कॅरम फार छान खेळायचा. त्याला गर्दचे व्यसन लागले आणि सारे त्याला 'गर्दुल्ला' म्हणू लागले. 'मनात आणले तर सुटेल, पण याला सोडायचेच नाही,' असे मोठी माणसे म्हणत. मलाही तसेच वाटे. आज ते मत मला चुकीचे वाटते.

गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉईन. ते अफूपासून बनवतात. १८९८ साली हेच हेरॉईन खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आले होते! आपल्या मेंदूत वेदना शमवणारी द्रव्ये आपोआप तयार होतात. त्यांना एंडॉर्फिन म्हणतात. मेंदूतील त्यांच्या जागा हेरॉईन बळकावते. सुरुवातीला दुःख, काळजी यांचा विसर पडतो. पण मेंदूला सवय होते आणि कालची पुडी आज पुरत नाही. पुडी मिळाली नाही, तर नाक-डोळे गळतात, उलट्या होतात, पाय असह्य दुखतात. व्यसनी लोक याला 'टर्की' म्हणतात. तो मुलगा घरातली भांडी नेऊन विकायचा, ते मजेसाठी नव्हे, तर ही टर्की टळावी म्हणून.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. हेरॉईन श्वास चालवणारे मेंदूतील केंद्र मंद करते. काही महिने व्यसन सुटले की शरीराची सवयही सुटते. मग कोणी पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास थांबून तो मरू शकतो.

कोकेन आणि मेफेड्रोन यांची तऱ्हा उलटी. ती मेंदूतील डोपामीन वाढवतात. झोप आणि भूक उडते, हृदय धडधडते, रक्तदाब चढतो. नशा उतरली की मन खचते आणि पुन्हा पुडी हवीशी वाटते.

तुम्ही विचाराल, मग त्याचा काहीच दोष नाही का? पहिली पुडी त्याने घेतली, तेवढा दोष त्याचा. पण शिव्या देऊन मेंदू बरा होत नाही. त्याला उपचारच लागतात. १९८६ साली डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे बरे झालेले काही रुग्ण पुढे नव्या रुग्णांना धीर देऊ लागले.

आम्ही मात्र त्या मुलाला कॅरमजवळही येऊ देत नव्हतो. त्याचे खरे नाव मला आजही आठवते. तेव्हा त्या नावाने त्याला फक्त त्याची अम्मी हाक मारत असे.