राजधानीतील एक साधे घर

कुंभिवलीसारख्या खेड्यातून शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेला एखादा तरुण शनिवार-रविवारची सुटी साधून लंडन पाहावयास जातो. राजवाडा, थेम्स नदीवरील पूल, पार्लमेंटचे घड्याळ ही स्थळे त्याने अवश्य पाहावीत. परंतु किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर पाहिल्यावाचून त्याने परत फिरू नये. १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत तेथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले. आता तेथे बाबासाहेबांचे स्मारक आहे.

अवघ्या दोन दिवसांत एका साध्या घरासाठी वेळ कोठून काढावा, असे कोणी म्हणेल. पण राजवाड्यापुढे उभे राहून परक्यांचे वैभव तेवढे दिसते. परदेशी राहून काय मिळवावे, हे या घरात उमगते. लंडनमध्ये संपादिलेली विद्या बाबासाहेबांनी मायदेशी आणून दलितांच्या उद्धारासाठी वेचली. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी पाण्याचा हक्क बजावला. ते महाड कुंभिवलीच्याच रायगड जिल्ह्यात आहे. त्या घरातून गावाकडे नेण्याजोगे काही घेतले, तरच त्या तरुणाची लंडनची वारी सार्थकी लागली असे म्हणता येईल.