ब्रेकर विनाकारण ट्रिप होतोय? आधी न्यूट्रलचा सीटी तपासा

बडनेरा-अमरावती पट्ट्यात दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम रंगात येतो. नेमका तेव्हाच मुख्य एअर सर्किट ब्रेकर (इथे एसीबी म्हणजे लाचलुचपतवाले नव्हेत!) पडला की सगळं काम थांबतं. लोड जास्त नाही, शॉर्ट नाही, तरी ‘अर्थ फॉल्ट’चा दिवा लागतो. मग घाईत सेटिंग वाढवली जाते. धोका तिथेच आहे. उद्या खरा फॉल्ट आला, तर कापसाच्या ढिगाला एक ठिणगी पुरते.

मग असं का होतं? ट्रिप युनिट तिन्ही फेज आणि न्यूट्रलच्या करंटची बेरीज पाहतं. ती शून्याजवळ हवी. न्यूट्रलचा सीटी, म्हणजे करंट मोजणारा सेन्सर, उलटा बसला किंवा त्याची वायर सुटली, तर ऑफिसचे दिवे आणि एसीचा सिंगल फेज लोडही युनिटला गळती वाटतो.

सेन्सर बदलताना रेटिंग जुळलंच पाहिजे. युनिट 1600 ॲम्पियरच्या सेन्सरसाठी लावलेलं आणि बसवला 800 चा, तर निम्म्या करंटलाच ट्रिप. उलट झालं तर दुप्पट करंटलाही ब्रेकर गप्प! बदलानंतर प्रायमरी इंजेक्शन चाचणी करून घ्या. सेकंडरी चाचणीत फक्त युनिट तपासलं जातं, सेन्सर नाही. आणि हे सगळं सप्लाय बंद करून, परवानाधारकाकडूनच. चालू लाइनवर सीटीची वायर काढली, तर तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होऊ शकतं.