मतपेटीचा पहारेकरी कोणी नेमायचा?

निवडणूक म्हणजे पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून घेणे आणि मानवी हक्क म्हणजे कुठे अन्याय झाला की काढायचा मोर्चा, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे आपल्या गावीही नसते. माझ्या मते ही समजूत घातक आहे. ती खोडून काढायला परक्या देशातील विचारवंत शोधण्याचे कारण नाही. परळ-दादरमध्ये आयुष्याचा मोठा काळ घालवलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची विधिमंडळातील कामगिरी पाहिली तरी पुरे. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना हार घालतो. मतदाराच्या हक्कासाठी झगडलेले लोकप्रतिनिधी आंबेडकर मात्र आपल्याला फारसे ठाऊक नाहीत.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते व परळच्या बी. आय. टी. चाळीत राहत होते. मालमत्ता आणि कर यांच्या मापाने मताचा हक्क मोजण्याचा तो काळ. ज्यांना पाणवठ्यावर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांच्याजवळ मालमत्ता यावी कोठून? प्रतिनिधित्वाचा हक्क हा नागरिकत्वाचाच गाभा आहे, असे त्यांनी समितीपुढे मांडले. १९२७ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलात गेले. सायमन कमिशनसाठी नेमलेल्या प्रांतिक समितीच्या अहवालावर सही न करता त्यांनी १९२९ मध्ये स्वतंत्र अहवाल दिला व प्रौढ मतदानाची मागणी केली. १९३७ मध्ये भायखळा-परळ मतदारसंघाने त्यांना निवडून दिले. पुढच्याच वर्षी औद्योगिक कलह विधेयकाने संपावर बंधने आणली, तेव्हा संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच हक्क आहे असे त्यांनी सभागृहात ठणकावले. ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मत आणि हक्क यांची फारकत त्यांनी कधी केलीच नाही.

घटना समितीतही हेच दिसते. ९ डिसेंबर १९४८ रोजी, हक्क डावलला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची मुभा देणाऱ्या कलमाला (आजचे कलम ३२) त्यांनी घटनेचा आत्मा म्हटले. १५ जून १९४९ रोजी त्यांनी निवडणूक आयोगाचे कलम मांडले. निवडणुकीचे स्वातंत्र्य हा मूलभूत हक्कच मानावा, अशी मूळ शिफारस होती, याची आठवण त्यांनी सभागृहाला करून दिली. काही प्रांतांत वंशाने वा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांना मतदारयादीतून वगळले जात आहे, म्हणून साऱ्या देशासाठी एकच स्वतंत्र आयोग हवा, असे त्यांचे म्हणणे होते.

पण आयुक्त नेमायचा कोणी? शिब्बनलाल सक्सेना आणि हृदयनाथ कुंझरू यांनी नेमकी हीच शंका काढली. सत्ताधाऱ्यांच्या मुठीत राहणारा माणूस त्या जागी येऊ नये, यासाठी मसुद्यात काहीही तरतूद नाही, हे बाबासाहेबांनी मोकळेपणाने मान्य केले. पुढे संसदेने त्याबाबत कायदा करावा, अशी सोय घटनेत राहिली. तो कायदा व्हायला सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला! २ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कायदा होईपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते व सरन्यायाधीश यांच्या समितीने नावे सुचवावीत, असा निर्णय दिला. डिसेंबरात संसदेने कायदा केला, त्यात सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री आला. म्हणजे तिघांत दोघे सरकारचे.

कोणी म्हणेल, शेषन यांना तरी सरकारनेच नेमले होते ना? खरे आहे. परंतु शेषन लाभणे हा देशाच्या नशिबाचा भाग झाला, आणि नशिबाच्या भरवशावर सोडता येण्याइतकी ही बाब क्षुल्लक नाही. सामन्याचा पंच कितीही सचोटीचा असो, त्याला एकाच संघाने निवडले तर हरणाऱ्याला निकाल पटणार नाही. हरणाऱ्याला निकाल पटणे यावरच लोकशाही उभी असते. १९५२ साली मुंबईत खुद्द बाबासाहेबांचा पराभव झाला. हजारो मते बाद झाली होती. त्यांनी व अशोक मेहतांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे दाद मागितली; ती फेटाळली गेली. ते राज्यसभेत जाऊन काम करीत राहिले.

मित्रहो, अठराव्या वर्षी आपल्याला मत मिळते. लालबाग-गिरगावात चाळीचा पुनर्विकास होऊन बिऱ्हाड हलले, तर यादीतले नावही हलवून घ्यावे लागते. तेवढे तरी आधी करू या. आणि उमेदवार दारात आला की पाणी, लिफ्ट, पार्किंग यांच्या जोडीला त्याला आणखी एक विचारू या: निवडणूक आयुक्त निवडणाऱ्या समितीत सरकारचे बहुमत असावे की नसावे? १९४९ च्या जूनमध्ये विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर आता मतदारानेच मागितले पाहिजे.