वर जाण्याचे वय, खाली येण्याची वाट

सोळा-सतरा वर्षांच्या गुणी मुलाला त्याच्या वयाच्या मानाने वरच्या स्तरावर उतरवावे की न उतरवावे, हा प्रश्न अनेक क्षेत्रांत विचारला जातो. आम्हांला तो सर्वांत निर्वाणीच्या स्वरूपात दिसला स्पीडवे या खेळात. आपल्याकडे हा खेळ फारसा परिचित नाही, म्हणून आधी त्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. अंडाकृती मातीच्या धावपट्टीवर चार स्वार, चार फेऱ्या आणि सुमारे एका मिनिटात निकाल, असे त्याचे रूप. 500 सीसीच्या, मिथेनॉलवर चालणाऱ्या या मोटारसायकलींना एकच गिअर असतो आणि ब्रेक मुळीच नसतो. मागचे चाक मुद्दाम घसरवूनच वळण घ्यावे लागते. ब्रिटन आणि पोलंड ही या खेळाची मोठी केंद्रे. दोन्ही देशांत क्लबांच्या लीग आहेत, त्यांचे चढते स्तर आहेत, आणि सोळा वर्षांचा मुलगा व चाळिशीचा मुरलेला स्वार एकाच शर्यतीत एकमेकांना खेटून वळण घेताना दिसतात.

या प्रश्नावर आपले मराठी मन तटस्थ नाही, हे प्रथमच मान्य केलेले बरे. परंपरेने मानलेले जन्मवर्ष धरले तर ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये आपला भाष्यग्रंथ सिद्ध केला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. 1989 मध्ये सचिन तेंडुलकर कराचीत पहिली कसोटी खेळला तेव्हा सोळा वर्षांचा होता. असे दाखले मनात रुजलेला समाज ‘लवकर’ या शब्दाला गुणवाचक समजू लागला तर नवल नाही. परंतु हे दाखले यशस्वी झालेल्यांचे आहेत. जे लवकर गेले आणि मागे पडले, त्यांची गणती कोणी ठेवत नाही.

लवकर वर जाण्याच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद मात्र दुबळा नाही. खालच्या लीगमध्ये गुणी मुलगा फाटकातून सर्वांच्या आधी निघतो आणि एकटाच पुढे जातो. मागून येऊन दुसऱ्याला ओलांडण्याची, पहिल्या वळणावर दोघांच्या मधली फट शोधण्याची विद्या त्याला तेथे शिकावीच लागत नाही. शिवाय खालचा स्तर म्हणजे सुरक्षित स्तर हेही खरे नव्हे. अननुभवी सोबत्यांच्या चुकाही तितक्याच महाग पडू शकतात. आपल्यापेक्षा वेगवान माणसाच्या मागे धावल्यावाचून वेग येत नाही, हे म्हणणे आम्हांला पटते.

तथापि, मुलाला वर बोलावणे येते ते बहुधा या विचारातून येत नाही. ते अंकगणितातून येते. शर्यतीत पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1 आणि शेवटच्याला शून्य गुण मिळतात व त्यांवरून प्रत्येक स्वाराची सरासरी ठरते. ब्रिटनमध्ये संघ बांधताना सर्व स्वारांच्या सरासरींची बेरीज ठरावीक मर्यादेत ठेवावी लागते. त्यामुळे ज्याची सरासरी कमी आहे पण जो प्रत्यक्षात त्याहून चांगला आहे, असा नवखा मुलगा क्लबाला सोन्यासारखा वाटतो. तो राखीव जागेवरून गुण मिळवतो. मग त्याची सरासरी वाढते, तो राखीव जागेवरून मुख्य फळीत ढकलला जातो, समोर दुसऱ्या संघाचे अग्रणी येतात, गुण आटतात. आणि ज्या बेरजेने त्याला आत आणले तीच बेरीज त्याला बाहेर काढते. यांत कोणी दुष्ट नसतो. पण हा मुलगा काय शिकला, हा प्रश्न त्या बेरजेत कोठेच बसत नाही. स्वाराची प्राप्ती गुणांवर अवलंबून असते आणि यंत्राचा खर्च बहुतांशी त्याच्याच माथी असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बेरजेचा भार घरापर्यंत कसा पोहोचतो ते कळते.

तर मग योग्य वय कोणते? येथे दोन सतरा वर्षांची मुले शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. न्यूझीलंडचा आयव्हन माउजर 1957 मध्ये सतराव्या वर्षी लंडनच्या विम्बल्डन क्लबात आला. नावाजलेल्या त्या क्लबात त्याला फारशी संधी मिळाली नाही आणि काही काळाने तो मायदेशी परतला. 1963 मध्ये तो पुन्हा इंग्लंडला आला, तो मात्र खालच्या स्तरावरील प्रोव्हिन्शियल लीगमध्ये, न्यूकॅसल क्लबाकडून. तेथे तो घडला, आणि 1968 ते 1979 या काळात त्याने सहा वेळा जगज्जेतेपद मिळवले. दुसरा मुलगा पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक. 2012 मध्ये गोझुव येथील ग्रां प्रीत एका दिवसाचे आमंत्रण मिळाले असता हा सतरा वर्षांचा स्वार थेट तिसरा आला. 2025 पर्यंत त्याच्याही नावावर सहा जगज्जेतेपदे जमा झाली आहेत.

दोघांचे वय तेच, अखेरची विजेतेपदेही तितकीच. एक सतराव्या वर्षी फसला, दुसरा चमकला. यावरून वय हे प्रमाण नव्हे, एवढे तरी सिद्ध होते. फरक होता तो पायाखालच्या जमिनीचा. माउजर घरापासून अर्ध्या पृथ्वीइतका दूर होता आणि विम्बल्डनमध्ये त्याला पाय रोवता आले नाहीत. झ्मार्झलिक आपल्याच क्लबाच्या धावपट्टीवर, आपल्याच गावकऱ्यांसमोर धावत होता. त्या रात्री तो शेवटचा आला असता तरी त्याचे क्लबातील कनिष्ठ स्वाराचे स्थान जाणार नव्हते. पोलंडच्या सर्वोच्च लीगमध्ये प्रत्येक संघाला कनिष्ठ स्वार घ्यावेच लागतात आणि सामन्यातील दुसरी शर्यत त्यांच्यासाठीच राखलेली असते. म्हणजे दिग्गजांच्या मेळ्यातही मुलाला निदान एकदा समवयस्क भेटतात. आणखी महत्त्वाचे असे की, तिसरा आल्यावरही त्याला कोणी लगेच वर ढकलले नाही. 2015 मध्ये तो एकवीस वर्षांखालील जगज्जेता झाला आणि 2016 मध्ये ग्रां प्री मालिकेत नियमित स्वार म्हणून उतरला. मध्ये चार वर्षे गेली.

ब्रिटनच्या टाय वॉफिंडेनची कथाही हेच सांगते. स्कनथॉर्प, राय हाउस, वुल्वरहॅम्प्टन अशी लीगची एकेक पायरी तो चढला. पण 2010 मध्ये एकोणीस वर्षांचा असताना जागतिक मालिकेत उतरला आणि तळाशी राहिला. त्याच वर्षाच्या प्रारंभी त्याचे वडील निवर्तले होते. तो मालिकेबाहेर गेला, लीगमध्ये राहिला, 2013 मध्ये परतला आणि जगज्जेता झाला. 2015 आणि 2018 मध्ये पुन्हा झाला. याउलट रशियाचा एमिल सायफुद्दीनोव 2009 मध्ये एकोणिसाव्या वर्षी मालिकेत आला आणि पहिलीच प्रागची ग्रां प्री जिंकून गेला, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु त्याच्या पाठीशी पोलंडमधील तीन हंगाम आणि एकवीस वर्षांखालील दोन जगज्जेतेपदे होती.

या चर्चेत एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. 2016 च्या मे महिन्यात रिब्निक येथे पोलंडच्या सर्वोच्च लीगमधील सामन्यात तारनुव संघाचा अठरा वर्षांचा क्रिस्टियान रेम्पावा पडला आणि काही दिवसांनी रुग्णालयात मरण पावला. त्याचे वडीलही स्वार होते. तो लवकर वर गेला म्हणून हे घडले, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. 2009 आणि 2010 मध्ये एकवीस वर्षांखालील जगज्जेता ठरलेला ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड 2015 मध्ये झिएलोना गुरा येथे पडून कायमचा अपंग झाला, तेव्हा तो तेवीस वर्षांचा आणि पुरता तयार स्वार होता. हा खेळ अनुभवालाही सूट देत नाही. आणि म्हणूनच मुलाला वर नेण्याचा निर्णय क्लबाच्या बेरजेवर सोपवणे आम्हांला अनुचित वाटते. एवढी जोखीम मुलाने उचलायची असेल, तर निदान ती त्याच्या घडणीसाठी असावी.

आमचे मत असे: मुलाने लवकर वर जावे, पण खाली येण्याची वाट मोकळी असेल तरच. ब्रिटनमध्ये एकाच हंगामात दोन स्तरांवर धावण्याची सोय आहे, ती यासाठी उत्तम. वरच्या क्लबाने वगळले तरी खालच्या क्लबातील जागा हंगामभर त्याचीच राहावी. सरासरी वाढली म्हणून त्याला अर्ध्या हंगामात राखीव जागेवरून हलवू नये. आणि ‘आता जा’ असे सांगणारा माणूस असा असावा, की ज्याला त्या मुलाच्या गुणांतून काहीही मिळायचे नाही.

आम्ही वर्गात शिकवणारी माणसे. एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीत चार चांगल्या कविता दिसल्या की त्याला संग्रह काढायला सांगण्याचा मोह आम्हांलाही होतो आणि तो मोह नेहमी त्याच्याच हिताचा असतो असे नाही. कवितेत पडलेल्याचे हाड मोडत नाही, हा मोठाच फरक. पण पहिला संग्रह फसल्यावर तो पुन्हा वही घेऊन आमच्याकडे निःसंकोच येऊ शकेल काय, हे आधी स्वतःला विचारावे आणि मगच त्याला पुढे जा म्हणावे, एवढे या दूरच्या खेळाकडून आम्ही घेतले आहे.