रक्तदाब आणि चिंतेचा बहाणा

यवतमाळ जिल्ह्यात कोणाचा रक्तदाब चढला की कापसाचा पडलेला भाव, सोसायटीचे थकलेले कर्ज किंवा मुलीचे न जमणारे लग्न यांपैकी एखादे कारण पुढे करून, पुसदपासून वणीपर्यंत, ‘टेन्शनचा बीपी’ असा शेरा मारला जातो आणि दप्तर बंद होते. चिंता खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस या मुलखात कोण करील? तथापि तीन औषधे पूर्ण मात्रेत नियमाने घेऊनही ज्याचा दाब उतरत नाही, त्याच्या बाबतीत हा खुलासा निव्वळ पळवाट ठरतो.

अशा हट्टी दाबामागे ग्रंथीचा दोषही असू शकतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक शरीरात मीठ राखते व पोटॅशियम मूत्रावाटे सोडते. या कामाचा हुकूम एरवी मूत्रपिंडाकडून रेनिनमार्फत सुटतो. हुकूम नसताना ग्रंथीने परस्पर कारभार चालविला, म्हणजे रक्तदाब तर वाढतोच, शिवाय तेवढ्याच दाबाच्या इतर रोग्यापेक्षा हृदयाची व मेंदूची हानी अधिक होते. मिशिगन विद्यापीठाच्या जेरोम कॉन यांनी १९५५ साली हा विकार वर्णिला. त्यांची रुग्ण स्नायूंच्या दुर्बलतेने पीडलेली ३४ वर्षांची स्त्री होती. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत हातपाय गळाले, तर दोष उन्हाला!

‘हा रोग दुर्मिळ’ हा आक्षेप तर स्वतःचेच खंडन करतो. पोटॅशियम घटलेल्यांतच त्याचा शोध घेण्याची वहिवाट पडली, आणि बहुसंख्य रोग्यांत तर ते प्राकृतच असते; न शोधलेले सापडेल कसे? सर्वसाधारण रक्तदाबाच्या रोग्यांत शेकडा पाच ते दहा, आणि औषधांना न जुमानणाऱ्यांत पाचांत एकापर्यंत, असे त्याचे प्रमाण मानले जाते. म्हणूनच २०२५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने रक्तदाबाच्या प्रत्येक रोग्याची चाचणी सुचविली आहे.

राहिला खर्चाचा प्रश्न, आणि तो खरा आहे. दोष एका ग्रंथीत की दोहोंत, हे ठरविण्यासाठी दोन्ही ग्रंथींच्या शिरांतील रक्त तपासण्याचे कौशल्य मोठ्या शहरांतच मिळते. एकाच ग्रंथीत असल्यास ती काढता येते. परंतु अल्डोस्टेरॉन व रेनिन यांचे गुणोत्तर साध्या रक्तनमुन्यावरून निघते, नमुना नागपूरला धाडता येतो, आणि अल्डोस्टेरॉनला अटकाव करणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी जुनी व स्वस्त आहे. तिने पुरुषांची छाती सुजू शकते, पोटॅशियम वाजवीपेक्षा चढू शकते, म्हणून ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावी. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात निदान हट्टी रक्तदाबाच्या रोग्यांपुरती या गुणोत्तराची तजवीज व्हावी, एवढीच आमची मागणी आहे.